पुढून दोन बोटं उंच

स्प्रिंगचा विषय काढला की ज्याला त्याला अक्कल फुटते. इंजिनाबद्दल माणसं जरा दबकून बोलतात, ब्रेकबद्दल घाबरून बोलतात, पण स्प्रिंगबद्दल न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचं मत तयार. ‘कडक टाका.’ झालं. कडक म्हणजे किती, कशापेक्षा, कुठल्या रस्त्यासाठी, असं विचारलं की तोंडं बंद. आणि विचारणारी बाई असली तर तोंड बंद करायच्या ऐवजी हसतात.

मी विचारते. माझं पोटच त्यावर चालतं. औषधांच्या कारखान्यात मी बाटल्यांची सीलं तपासते. पट्ट्यावरून येणारी प्रत्येक बाटली खोटी आहे असं धरून बघायचं आणि ती खरी निघाली तर सोडून द्यायची. दिवसभर हे केल्यावर घरी येऊन डोळा मऊ होत नाही. सासरे मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. नवरा काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

गाडी सासऱ्यांची. दोनच सीटची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आणि त्याच्यापेक्षा बोलकी. त्यांनी ती भंगारातून उचलून आणली आणि आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी उभी केली. सासूबाई गेल्यावर तर ते वरच्या मजल्यावर फक्त जेवायला आणि झोपायला यायचे. रोज सकाळी टेकडीच्या रस्त्याने चक्कर मारायची आणि येताना बेकरीतून पाव आणायचा, हा त्यांचा नेम.

रविवारी गाडी माझी. क्लबाचे लोक घाऊक बाजाराच्या मोकळ्या पटांगणात प्लास्टिकचे कोन मांडतात आणि त्यातून एकेकाने घड्याळाशी भांडत गाडी काढायची. ह्याला ऑटोक्रॉस म्हणतात. कुणाला धडकायचं नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. कोन पाडला की वेळेत दंड. मिनिटभराचा खेळ. पण त्या मिनिटात मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते, आणि पट्ट्यावरून बाटल्या येत नसतात. जगात माझं म्हणून काही असेल तर ते एवढंच.

त्यावर एक टांगती तलवार होती. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळ्यांसमोर कधीच सांगून ठेवलं होतं, “ज्या दिवशी माझ्याने चालवणं होणार नाही त्या दिवशी ही विकायची. दारात मढं नको.” म्हणजे त्यांची सकाळ बंद तर माझा रविवार बंद.

तर स्प्रिंगा. पुढच्या मूळच्या स्प्रिंगा दमल्या होत्या. ब्रेक मारला की नाक जमिनीला लागायचं आणि कोनांत वळवली की गाडी नशा केल्यासारखी कलंडायची. नव्या घ्यायला हव्यात यावर बाबांचं आणि माझं एकमत. कोणत्या, यावर क्लबात सभाच भरली. एका दाढीवाल्याने सल्ला दिला, “आहे त्याच स्प्रिंगेचं एक वेटोळं कापा, फुकटात गाडी खाली बसते.” मी म्हटलं, “खाली बसते आणि पहिल्या खड्ड्यात थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. तुमची बसते तशी.” तो परत माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्याने शर्यतीच्या गाड्यांच्या स्प्रिंगा सुचवल्या, दुप्पट कडक. पटांगणावर त्या देवासारख्या चालतील, मान्य. पण सोमवारी सकाळी पाव आणायला त्याच गाडीत बसायचंय, आणि बसणाऱ्याचा मणका काही नवा मिळत नाही.

बाबा म्हणाले, “आधी वजन बघ, मग रस्ता बघ, स्प्रिंग शेवटी.” भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही एकेक चाक चढवून गाडीचं वजन घेतलं. मग आमच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर त्यांनी चालत जाऊन पाहिले, गुडघे धरून. “कलंडणं थांबवायला स्प्रिंग नको. पुढचा आडवा दांडा जाड कर, तो फक्त वळणात काम करतो, खड्ड्यात त्रास देत नाही. स्प्रिंग एवढीच कडक घे की ब्रेकला नाक वर राहील.” जाड दांडा मी घातला, आणि स्प्रिंग हिशेबाने ठरली: मूळच्यापेक्षा पावपट कडक, उंची मूळचीच. दोघांनाही चालेल अशी.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढे आले भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. माणूस उत्तर द्यायच्या आधी हसतो, आणि मला अशा माणसांचा भरवसा वाटत नाही. एकदा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले होते, “बाबा, ही माझ्या दुकानाच्या काचेमागे काय शोभेल!” ते मी विसरले नव्हते. पण बाहेरून स्प्रिंगा मागवायच्या तर घरचं दुकान सोडून कुठे जाणार? ताई, म्हणजे नणंद, रागावली असती.

स्प्रिंगा आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून. खोका नाही, चिठ्ठी नाही. प्रत्येक स्प्रिंगेवर कडकपणाची खूण म्हणून रंगाचा ठिपका असतो, तो अर्धा खरवडलेला.

“खोका कुठे गेला?” मी विचारलं.

भाऊजी हसले. “खोका बसवणार आहात का वहिनी?”

“ठिपका कोणी खरवडला?”

“रस्त्याने. प्रवासात घासतं. तुम्ही पण ना! बाबा, हिला एखाद्या तुरुंगात नोकरी बघा.”

बाबाही हसले. मी नाही हसले.

आम्ही दोघांनी त्या बसवल्या. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं काढली, चाक धरणारा खालचा लोखंडी हात जॅकवर धरून जुनी स्प्रिंग बाहेर, नवी आत. दोन्ही बाजू झाल्या आणि मला कारखान्यातून फोन आला. कुठल्यातरी पेटीत गळकं सील निघालं होतं. मी गेले. परत आले तोवर चाकं लावून गाडी जमिनीवर होती आणि बाबा हात धूत होते.

गाडी पुढून दोन बोटं उंच उभी होती. टाच उंच केलेल्या बाईसारखी.

“ही अशी का?”

“नव्या आहेत. बसतील हळूहळू,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ते चक्कर मारून आले ते कमरेवर हात ठेवून. नंतर चक्कर टेकडीपर्यंत जाईना, कोपऱ्यावरूनच परत. आणि मग एक दिवस पाव आला तो पायी. “स्प्रिंगा कडक आल्या गं,” असं ते जिना चढताना म्हणाले, मला नाही, माझ्या नवऱ्याला, पण मला ऐकू येईल असं.

मी स्वतः चालवून पाहिली. स्पीडब्रेकरवर दात वाजले. रविवारी पटांगणात तर बेइज्जती. स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच निघालं आणि मी कोन नुसते पाडले नाहीत, एक फरपटत शेवटच्या रेषेपर्यंत नेला. दाढीवाला टाळ्या वाजवत होता.

ही पावपट कडक स्प्रिंग नव्हे. माझ्या डोक्यात गणित जुळायला लागलं. खोका नाही. ठिपका खरवडलेला. बाबांचं चालवणं बंद. आणि पुढच्याच आठवड्यात ताई आणि भाऊजी जेवायला आले तेव्हा भाऊजींनी भात कालवता कालवता सांगितलं, “बाबा, रविवारी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. चांगला माणूस आहे.”

माझा घास हातातच राहिला. “कोणाला विचारून?”

“वहिनी, बाबा चालवत नाहीत आता. त्यांचाच शब्द आहे.”

“चालवत नाहीत, की चालवता येऊ नये अशी सोय केली?”

नवरा म्हणाला, “झालं सुरू.”

“सुरू नाही, संपवतेय. भाऊजी, पावपट कडक सांगितल्या होत्या. तुम्ही दुप्पट कडक आणून दिल्या, ठिपका खरवडून. म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडायची, त्याने गाडी सोडायची, की तुमचं गिऱ्हाईक हजर. दलाली कितीची आहे की काचेमागे ठेवायचीय?”

ताईने ताट सरकवलं. “बाबा, ही तुमच्यासमोर माझ्या नवऱ्याला चोर म्हणतेय आणि तुम्ही ताक पिताय?”

बाबा खरंच ताक पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला नाही.

भाऊजी या वेळी हसले नाहीत. कान लाल झाले होते. “स्प्रिंगा काढा आणि दाबून बघा कुठेही. आणि गिऱ्हाईक मी आणलं नाही. मला आणायला सांगितलं.”

“कोणी?”

त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून पळाले.

मी स्प्रिंगा काढल्या. एकटीने. बाबा म्हणाले, “राहू दे गं, कशाला वाढवतेस,” पण खाली आले नाहीत. पिशवीत घालून ट्रकच्या कमानी-स्प्रिंगा बनवणाऱ्याकडे नेल्या. त्याच्याकडे दाबयंत्र आहे. स्प्रिंग खाली ठेवायची, इंचभर दाबायची, काटा सांगतो किती जोर लागला. कमानवाल्याला माझ्या भानगडीत काही रस नव्हता. त्याचा जेवणाचा डबा उघडा होता.

“बरोबर आहेत,” तो म्हणाला.

“कशाच्या बरोबर? परत दाबा.”

“बाई, तुम्ही जो आकडा सांगितला तोच आकडा आलाय. परत दाबलं तर वेगळा येणार आहे का?”

“दुसरी दाबा.”

त्याने दुसरी दाबली. तोच आकडा. पावपट कडक, केसाचा फरक नाही. उंचीही मूळचीच.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. खोट न निघाल्याचा राग काय असतो ते सील तपासणाऱ्यालाच कळेल. खोट तर आहे, दात वाजतायत. मग ती आहे कुठे?

तिथून मी तडक दुकानात गेले. भाऊजी काउंटरमागे एका माणसाला वायपर दाखवत होते. तो जाईपर्यंत उभी राहिले आणि म्हटलं, “स्प्रिंगा बरोबर निघाल्या.”

“बरं.”

“गिऱ्हाईक आणायला कोणी सांगितलं?”

“बाबांनी.”

“हो, पण कंबर दुखायला लागल्यावर सांगितलं असेल.”

भाऊजींनी वायपर खोक्यात घातला. “वहिनी, स्प्रिंगा तेव्हा दुकानात आल्यासुद्धा नव्हत्या. बाबा इथे येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, एखादा चांगला माणूस बघून ठेव. लगेच बोलू नको, मी सांगेन तेव्हा घरी विषय काढ. मी काढला.”

परत येताना मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. बसने गेले होते हे घरी पोचल्यावर लक्षात आलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चालवणं होणार नाही हे ज्या माणसाला स्प्रिंगा यायच्या आधीच माहीत होतं, त्याने माझ्याबरोबर भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी कशाला चढवली? गुडघे धरून स्पीडब्रेकर कशाला मोजले?

स्प्रिंगा परत बसवल्या. गाडी जमिनीवर सोडली. पुन्हा पुढून दोन बोटं उंच. मग मी पाना घेऊन खाली शिरले, पाठ फरशीवर, चाकं जमिनीवर असताना.

गाडीचा खालचा हात जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतो, आणि त्याच्या आरपार बोल्ट. हा बोल्ट गाडी हवेत असताना नुसता अडकवून ठेवायचा. चाकं जमिनीवर टेकली, गाडीचं वजन पडलं, की मग आवळायचा. हवेत आवळला तर रबर लोंबकळत्या हातालाच आपली जागा समजतं. गाडी खाली ठेवली की ते पिळवटतं आणि गाडीला वर ढकलत राहतं. म्हणजे चांगल्या स्प्रिंगेच्या जोडीला रबराची एक फुकटची वाईट स्प्रिंग. हे मला कोणी शिकवलं? बाबांनी. पहिल्याच दिवशी. माझ्या हातावर चापट मारून.

मी बोल्ट सैल केला. पाना हातातून निसटला, खट् असा आवाज झाला आणि गाडीचं नाक त्या बाजूने माझ्या डोळ्यांसमोर खाली आलं. दुसऱ्या बाजूचा सैल केला. खट्. दोन बोटं गेली.

फरशीवर पडल्या पडल्या मला सगळं कळलं, असं तेव्हा वाटलं. म्हाताऱ्याने गाडी मुद्दाम बिघडवली. का? मी घेऊ नये म्हणून. शेवटी लेक ती लेक आणि सून ती सून. सरळ लेकीला दिली तर मी भांडणार, म्हणून विकायचं नाटक. ‘गिऱ्हाईक’ म्हणून कोणीतरी उभं करायचं आणि गाडी फिरून जावयाच्या काचेमागे. आणि मी मूर्ख, त्यांच्या नाटकात ओरडायचं काम फुकट केलं. वजनावर उभ्या गाडीचे बोल्ट मी असे आवळले की दुसऱ्या कुणाला सुटू नयेत.

शनिवार होता, ऊन उतरायला लागलं होतं. मी गाडी दारात आणली आणि वर हाक मारली, “बाबा, चला.”

“कुठे?”

“पाव आणायला. चालवायला तुम्ही बसायचं.”

ते खाली आले. गाडीच्या नाकाकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. मी चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं. रस्त्यात शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर ते नाही म्हणू शकत नव्हते, आणि म्हणूनच मी रस्त्यात हाक मारली होती.

पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी त्याच्यावरून मांजरासारखी गेली. बाबा हळूच म्हणाले, “सोडलेस बोल्ट.”

“सोडले. आता सांगा, कंबर दुखली?”

ते समोर बघत होते, फार ताठ, जबडा आवळून. मला वाटलं, शब्द शोधतायत. शाळेच्या भिंतीपाशी डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली. सावकाश, दिवसाउजेडी, सगळ्या जगाला दिसेल अशी. बाबांचा पाय ब्रेककडे गेला नाही. स्टिअरिंग हललं नाही. मी ओरडले तेव्हाही त्यांनी उजवीकडेच पाहिलं.

हँडब्रेक मी ओढला. गाडी मागून घसरली, आडवी झाली, बंद पडली. बाबागाडी आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर. त्या बाईने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. ती निघून गेल्यावर बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“डावीकडचं जातं,” ते म्हणाले. “कडेकडेने. आधी भिंती गेल्या, मग माणसं जायला लागली.”

“डॉक्टर?”

“थेंब देतो. गेलेलं येत नाही म्हणाला, आहे ते सांभाळा. गाडी चालवता का हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काट्यावर गाडी चढवली तोवर वाटत होतं, निभेल. मग एक दिवस एक सायकलवाला असाच माझ्या डावीकडून निघाला. त्याचं हँडल लागलं दाराला, बस. त्या दिवशीच ठरवलं, सोडायची.”

“मग सोडायची! तोंड नव्हतं सांगायला?”

“गाडी खराब झाली म्हणून सोडली, हे चारचौघांत सांगता येतं. डोळा खराब झाला म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून लोक जिन्यात हात धरतात. आज हात धरतात, उद्या ताटात काय वाढलंय ते सांगतात.”

“म्हणून बोल्ट हवेत आवळले.”

“हो.”

“आणि त्यानंतरही चकरा मारल्यात. ह्याच डोळ्यांनी!”

“कोपऱ्यापर्यंतच. लगेच सोडली असती तर कोणाला पटलं असतं?”

“तो कोपरा माणसांचाच आहे ना? आणि भाऊजी? त्यांना मी भरल्या ताटावर चोर म्हटलं. तुम्ही ताक पीत होतात.”

बाबा म्हणाले, “तू खोट शोधणार हे माहीतच होतं मला. स्प्रिंगेवर संशय घेशील, त्याच्यावर घेशील. माझ्यावर घेणार नाहीस, एवढीच खात्री होती.”

त्यापेक्षा कोणी तोंडावर थुंकलं असतं तरी चाललं असतं. माझा स्वभाव त्यांनी हत्यारासारखा वापरला होता, धार कुठे आहे हे नीट बघून.

“घेतला संशय,” मी म्हटलं. “तुम्ही गाडी लेकीच्या घरात घालताय असं वाटलं मला.”

आणि हा माणूस हसला. रस्त्यात आडव्या पडलेल्या गाडीत बसून हसला. “अगं, तिला दिली तर तू बोलणार, तुला दिली तर ती. विकली की भांडणच नाही.”

“उतरा,” मी म्हटलं. “जागा बदला. आणि उद्या गिऱ्हाईकासमोर तुम्ही बोलायचं. डोळ्याचं सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. पण बोल्टचं सांगायचंच. नाहीतर मी सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुम्हाला माहीत आहे.”

रविवारी गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या बुटांचं, टरबूज पारखल्यासारखं बॉनेटवर टिचक्या मारणारं. ताई आणि भाऊजी एका बाजूला, नवरा दुसऱ्या, मी गॅरेजच्या दारात. बाबा मधोमध येऊन उभे राहिले.

“गाडी विकायची नाही,” ते म्हणाले. हे मी सांगायला लावलं नव्हतं; खोट उघडी पडल्यावर त्यांनाच ती विकवेना. “तुम्हाला फुकट खेप पडली, माफ करा. स्प्रिंगा नीट होत्या. खालच्या हाताचे बोल्ट मी हवेत आवळले होते. चुकून.”

गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळलं नाही. ते थोडं पुटपुटून गेलं. पण भाऊजी स्पेअर पार्ट विकतात.

“तुम्ही?” ते म्हणाले. “चुकून?”

ते बाबांजवळ आले.

“बाबा, डोळ्याला काय झालंय?” भाऊजींनी विचारलं. “दुकानात आलात की डावीकडच्या रॅकला खांदा लागतो तुमचा. दर वेळी. मला वाटलं, विकायचं म्हणताय ते त्यासाठीच.”

ताईने तोंडावर हात ठेवला. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “जातोय डावा,” आणि मग जरा मोठ्याने, “उजवाही जाईल म्हणे.” नवरा पहिल्यांदाच हलला, बापाजवळ जाऊन उभा राहिला आणि हाताचं काय करायचं ते त्याला कळेना.

मी भाऊजींना म्हटलं, “मी तुम्हाला चोर म्हटलं. चुकले. पण तुम्हाला अंदाज होता तर त्या दिवशी जेवताना बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलू दिलंत?” ते म्हणाले. हसले नाहीत. “माफी ऐकली मी. पण वहिनी, पुढच्या वेळी पार्ट लागला तर दुसरं दुकान बघा.”

ताईने विचारलं, “मग गाडी आता कोणाची?”

“चालवेल तिची,” बाबा म्हणाले. ताईला गाडी चालवता येत नाही, हे तिच्या तोंडावर सांगितल्यासारखं झालं. ती गेली ती अजून आमच्याकडे जेवायला आलेली नाही.

म्हणजे मला हवं ते मिळालं. मी ते लपवणार नाही. पटांगणात गाडी आता ब्रेकला नाक टाकत नाही आणि वळणात सरळ उभी राहते. स्प्रिंग अगदी हवी तशी निवडली होती आम्ही.

सोमवारी सकाळी मी कामावर निघण्याआधी गाडी गरम करत होते. बाबा बूट घालून खाली आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“टेकडीपर्यंतच. ह्या वेळी रस्ता रिकामा असतो.”

“नाही.”

“इन्स्पेक्टर, गाडी मी उभी केलीय.”

“बाबा, नाही.”

त्यांनी हात मागे घेतला नाही. मीही स्टिअरिंगमागून उठले नाही. इंजिन चालू, आणि आम्ही दोघं तसेच. परवा त्यांच्या तोंडून सत्य काढायला मी त्यांना शेजाऱ्यांसमोर गाडीत बसवलं होतं. आता नाही म्हणायला तिथे एकही शेजारी नव्हता.

शेवटी ते म्हणाले, “मग तू चालव. पाव तर लागेल.”

ते गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. दाराची कडी त्यांना चटकन सापडेना. पत्र्यावरून हात फिरवत राहिले. मी आतून दार उघडलं नाही. सापडली. बसले, आणि दार धाडकन आपटलं. ह्या गाडीचं दार कोणी तसं आपटलं असतं तर त्यांनी त्याला उभं जाळलं असतं.